शेठच्या शेपटीचं दुखणं

"बरणी जरा उजेडात धरा, ताई," मृणाल म्हणाली.

दर्शनाने प्लॅस्टिकची बरणी दुकानाच्या दाराशी नेली. आत शेठ होता. निळा-लाल फायटर मासा. एरवी शेपटी फुलवून असा फिरायचा, जणू घर त्याच्याच नावावर आहे. आज त्या शेपटीची कड काळपट आणि झिरझिरीत झाली होती.

मानपाड्याला मासे विकणारे बरेच. कुठूनही आणलेला आजारी मासा बघून देणारी मृणाल एकटीच. तिने बरणी डोळ्यांशी नेली.

"कशात अडकून फाटलं असतं तर चीर पडली असती. ही कड कुजतेय. पर सडायला लागलेत. पण लवकर आणलात तुम्ही. रोज थोडं थोडं पाणी बदला. आणि खडा मीठ, एक चमचा. एकदाच हं, परत घालायचं नाही."

"वाचेल ना गं?"

"मासाच तर आहे, ताई," मृणाल हसली, आणि दर्शनाचा चेहरा बघून तिने बरणी हळूच परत दिली.

मासाच होता, कबूल. पण आठ महिन्यांपूर्वी नवऱ्याने, साईनाथने, तो लेकीसाठी ठाण्याहून पिशवीतून आणला, आणि दुसऱ्याच दिवशी हायवेला त्याची बाईक ट्रेलरखाली गेली. तेव्हापासून सहा वर्षांची सान्वी बोललेली नाही. एक शब्द नाही. डॉक्टर झाले, देव झाले. शाळेतून आली की ती टाकीला नाक लावून बसायची. शेठ फुलला की तेवढ्यापुरती हसायची. त्या हसण्यावर दर्शना दिवस काढत होती. तेही गेलं तर, या विचाराच्या पुढे जायची तिची हिंमत नव्हती.

कोपरच्या घरात त्या तिघीच. ती, सान्वी आणि सासू लक्ष्मीबाई. लक्ष्मीबाईंची उमर मिठागरात गेलेली. त्यांना शेठ पहिल्या दिवसापासून डोळ्यांसमोर नको होता. पांढऱ्या पायाचा म्हणायच्या. माशाला पाय नसतात हे त्यांना सांगणार कोण?

नातीची दृष्ट मात्र दर शनिवारी न चुकता काढायच्या. मूठभर मीठ सात वेळा ओवाळायचं, "आल्याची, गेल्याची" असं काहीबाही पुटपुटायचं आणि पातेल्यातल्या पाण्यात टाकायचं. चूल जाऊन गॅस आला, तेव्हापासून पाणी. मीठ विरघळलं की पीडा विरघळली. सान्वी मुकाट उभी राहायची. दर्शनाही अडवायची नाही.

दर्शनाने चमचाभर मीठ विरघळवून टाकीत घातलं. चार दिवसांत काळी कड गेली, शेपटीला काचेसारखी नवी कड फुटायला लागली. दर्शनाने देवापुढे साखर ठेवली.

पाचव्या दिवशी शेठ तळाशी पडला होता. पर अंगाला चिकटलेले, वर पांढरा बुळबुळीत थर. सान्वी टाकीपाशी बसून होती. हसत नव्हती.

"आई, पाणी जरा चाखून बघता?" दर्शनाने विचारलं. मिठाच्या बाबतीत लक्ष्मीबाईंच्या जिभेवर अख्खा गाव विश्वास ठेवायचा.

त्यांनी बोट बुडवून जिभेला लावलं. सान्वीकडे बघितलं.

"खारा नाय पानी," त्या म्हणाल्या. "मेली त मेली मासली. दुसरी हानू."

दर्शनाने पुन्हा बरणी उचलली आणि मानपाडा गाठलं.

"सडणं तर थांबलंय," मृणाल म्हणाली. "हे मिठाने पोळलंय." तिने थेंबभर पाणी जिभेवर घेतलं आणि थुंकली. "आमटीला पुरेल एवढं मीठ आहे यात! किती घालता?"

"एकच चमचा. एकदाच."

"मग घरात दुसरं कोणीतरी घालतंय, ताई."

घरात दुसरं होतंच कोण? आणि लक्ष्मीबाईंची जीभ चुकणारी नव्हती. म्हणजे बाई धडधडीत खोटं बोलली होती.

तिने टाकीचं सगळं पाणी बदललं. मिठाची बरणी कपाटात ठेवून किल्ली पर्समध्ये टाकली. सासूला एका शब्दाने बोलली नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाणी पुन्हा खारट लागलं. तांदळाच्या डब्यामागे खड्या मिठाची नवी पिशवी सापडली, फोडलेली.

आता तिला खरंच भीती वाटली. मुक्या जिवाला रोज थोडं थोडं मारणाऱ्या बाईच्या हवाली पोर करून ती कामावर जात होती. कुंपणच शेत खात होतं, आणि सांगणार कुणाला?

शुक्रवारी तिने कंपनीत अर्धी सुट्टी टाकली. दुपारी दोनला मागच्या दाराने, चपला हातात घेऊन, आत आली.

लक्ष्मीबाई स्वयंपाकघरात पाठमोऱ्या उभ्या होत्या. हातात मिठाची पिशवी. दर्शनाने त्यांचं मनगट धरलं. मीठ लादीवर सांडलं.

"का मारताय त्याला, आई? तो गेला तर माझी पोर..."

लक्ष्मीबाई वळल्या. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. त्यांनी खारट पंजा दर्शनाच्या तोंडावर दाबला.

"गप," त्या कुजबुजल्या. "आयक."

त्यांनी पडदा बोटभर सारला. बाहेरच्या खोलीत सान्वी स्टुलावर चढून उभी होती. मिठाने भरलेली तिची चिमुकली मूठ टाकीभोवती गोल गोल फिरत होती. आणि आठ महिने गंजलेला, बारीक, घोगरा आवाज म्हणत होता,

"आल्याची, गेल्याची, घरातल्याची, दारातल्याची, माझे शेठला कोनाची दिष्ट लागली असंल त जावंदे..."