तीन वर्षांपूर्वीचं माप

नवी पेठेत चांदबींचं शिलाईचं दुकान. गिऱ्हाइकांच्या ब्लाउजची सगळी मापं लेकीनं, अरिबानं, क्लाउडवर चढवलेली. परवा एका चुकीच्या बटणानं ती उडाली, तेव्हा कुठं तिला आठवलं, रोजच्या बॅकअपची सेटिंग आपणच बंद करून ठेवलीय. हाताला लागला तो तीन वर्षांपूर्वीचा बॅकअप. लग्नसराई तोंडावर, अम्मी डोक्याला हात लावून बसली. शेवटी अरिबानं भीत भीत सगळ्या बायकांना मेसेज टाकला, "आमच्याकडं तुमचं तीन वर्षांपूर्वीचंच माप उरलंय. नवं माप द्यायला येऊन जावा."

संध्याकाळपर्यंत दुकानात एकही बाई फिरकली नाही. फोन मात्र वाजत राहिला, आणि निंगव्वाकाकूंपासून सगळ्यांचं उत्तर एकच.

"नवं कशाला गं? माप तेच हाय की अजून. त्यावरच शीव."