कपाची जागा

“चहा झाला की तुमचा कप धुऊन तिकडेच ठेवा, मिस्त्री. आमच्या कपांत मिसळू नका,” बाई मला रोज बजावायच्या. तिकडे म्हणजे सिंकपलीकडे, ओट्याच्या टोकाला. घरातलं कुणी त्या कोपऱ्याला हात लावत नसे.

नव्या ओट्यात त्यांना लपवलेला चार्जर हवा होता. वर काही दिसायला नको, खिडकीपाशी फोन नुसता ठेवला की चार्ज व्हायला हवा.

काम संपलं. बाईंनी खिडकीपाशी फोन ठेवला. काहीच होईना.

मी सिंकपलीकडच्या कोपऱ्यातला, कान तुटलेला माझा कप उचलला आणि त्याच जागी त्यांचा फोन ठेवला. टिंग वाजलं.

“इथे? जागा बदला आधी!”

“ग्रॅनाइट खालून कोरलंय, बाई. आता अख्खा ओटा फोडावा लागेल.”

फोन दोन टक्क्यांवर होता. बाईंनी कोपरा तीनदा पुसला आणि तिथेच फोन ठेवला.