ल्युंगसाहेबांची माणसं

ल्युंगसाहेबांच्या शवपेटीचं झाकण लावायची वेळ झाली तशी सगळ्यांनी पाठ फिरवली. सरलाबाई तेवढ्या हात जोडून समोर बघत उभ्या.

"आई, वळ ना," देवने आईचा कोपर ओढला. "बघायचं नसतं म्हणे."

"अरे, शेवटचं दर्शन नको?" असं पुटपुटत त्या वळल्या.

दारातच हातात पांढरं पाकीट पडलं होतं. त्याला 'गाट-यी' म्हणतात. आत एक गोळी आणि नाणं. गोळी इथेच खायची, घरी न्यायची नाही. मयताला आलेल्यांना गोड! सरलाबाईंचं डोकं पार चक्रावलं होतं.

सनीव्हेलला हे चिनी ल्युंगसाहेब त्यांच्या शेजारी राहायचे. रोज दुपारी सरलाबाई मऊभात घेऊन जायच्या, औषधं द्यायच्या, हट्ट केला की रागवायच्याही. एक डॉलर कधी घेतला नाही.

"तुला वाटतं तू फॅमिली आहेस," देव चिडवायचा. "त्यांच्यासाठी तू हेल्प आहेस, आई. फुकटची हेल्प."

हे त्यांना फार लागायचं. काल मात्र ल्युंगसाहेबांच्या मुलीचा, ग्रेसचा फोन आला. ती जन्मली वाढली अमेरिकेत, त्यामुळे रीतिरिवाजांत तीही चाचपडतच होती. "आंटी, डॅडना तुमच्याशिवाय करमणार नाही. तुमचं नाव लिहायचंय, स्पेलिंग सांगता?"

सरलाबाईंनी एकेक अक्षर सांगितलं आणि फोन ठेवून देवला सुनावलं, "बघ, घरच्यांत धरलं मला!"

आता सगळे बाहेर भट्टीपाशी जमले. तिथे कागदाच्या वस्तू मांडल्या होत्या, 'जी-जाट'. बंगला, गाडी, टीव्ही, मोबाईलसुद्धा. जाळलं की गेलेल्याला पोचतं. एवढं मात्र सरलाबाईंना कळलं. आपण नाही का पान वाढत पितरांना?

ग्रेसने येऊन त्यांना घट्ट मिठी मारली. "नाव मी स्वतः लिहिलं, आंटी. आता डॅडना हाक मारता येईल. ते ऐकायचे फक्त तुमचंच."

सरलाबाईंचा ऊर भरून आला. बघितलंस ना, अशा नजरेने त्यांनी देवकडे पाहिलं.

"कुठे लिहिलंस, बाळा?"

ग्रेसने बोट दाखवलं. कागदी बंगल्याच्या दारात, हातात ट्रे घेऊन, कागदाची एक मोलकरीण उभी होती. तिच्या ॲप्रनवर सुबक इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं, 'सरला'.