दोनच सामने

पावणे एमआयडीसीतल्या कंपनीतून हाफ डे टाकून मिथुन मढवी फुटबॉल लीगच्या ऑफिसात आला आणि त्यानं खेळाडू नोंदणीचा अर्ज खिडकीतून आत सरकवला.

मॅडमनी कॉम्प्युटरवर त्याचं नाव शोधलं. "रेड कार्ड. दोन सामन्यांची बंदी बाकी आहे तुमची."

"मॅडम, मी समोरच्या टीमच्या पोराला नुसतं ढकललं होतं. त्यानं मला लाथ घातली, तरी त्यालापण दोनच सामने लागले. तो पंधरा दिवसांत परत खेळायला लागला."

"त्याचा क्लब दोन सामने खेळला, त्याची बंदी संपली. तुमचा क्लब दोन सामने खेळला की तुमचीपण संपेल. मग खेळा कुठल्याही क्लबकडून."

"आमचा क्लब बंद पडलाय."

"ते तुम्ही दरवेळी सांगता. पण नियमात त्याचं काही लिहिलेलं नाही." मॅडमचा आवाज जराही चढला नाही. "दोनच तर सामने आहेत. टेन्शन कशाला घेता?"

मिथुननं मान डोलावली आणि अर्ज परत घेतला.

"आणि पुढच्या वर्षी येताना फोटो नवीन लावा," मॅडम म्हणाल्या. "यात तुमचे सगळे केस काळे आहेत."