सात नंबरच्या विहिरीची कळ

दुपारी दोन वाजता हेमांगी तांडेलच्या छातीत कळ आली. समुद्रातल्या त्या प्लॅटफॉर्मवर सात नंबरच्या तेलविहिरीची राखण तिच्याकडे होती. मनगटावरच्या पट्ट्यामुळे विहिरीतला वाढता दाब तिला स्वतःच्या अंगात जाणवायचा, तोही यंत्रांना कळण्याआधी.

"विहीर बंद करा," ती म्हणाली.

सुपरवायझर मोकलांनी पडदा पाहिला. "दाब नेहमीचाच दिसतोय. बाई, हे दुखणं तुमचंच नाही ना?"

हेमांगीला सांगता येईना. तिचे वडील अशाच कळेने गेले होते. पट्टा काढला असता तर लगेच उलगडा झाला असता. पण विहीर खरंच उसळणार असती, तर तेवढ्यात खालच्या डेकवरची चाळीस माणसं गेली असती.

"आधी बंद करा!"

मोकलांनी लाल बटण दाबलं. झडपा धाडधाड मिटल्या. आता विहिरीपासून धोका नव्हता. हेमांगीने पट्टा सोडला आणि टेबलावर ठेवला.

कळ थांबली नाही.

मोकलांनी हेलिकॉप्टरसाठी फोन उचलला. घामाने भिजलेली हेमांगी खुर्चीला टेकली.

"विहीर चालू करा, मोकलसाहेब," ती हळूच म्हणाली. "तिला काही झालेलं नाही."