टाचांचे सँडल

नवा टीव्ही आला आणि आजीनं ऑनलाइन विकत घेतलेला चित्रपट गायब झाला. चित्रपट विकणाऱ्या कंपनीला फोन लावला, तर पलीकडची मुलगी गोडपणे म्हणाली, “डाउनलोडची मर्यादा संपली, मॅडम. तुम्ही चित्रपट नाही, बघायची परवानगी घेतली होती.” आजीचं डोकं सणकलं. उभा जन्म तिनं स्टुडिओत पडद्यावरच्या माणसांच्या पावलांचे आवाज काढले होते. त्या चित्रपटात नायिका घर सोडते तेव्हा वाजणारी पावलंही तिचीच. “थांब, कट करू नकोस,” म्हणत तिनं कपाटातून तेव्हाचे उंच टाचांचे सँडल काढले, सुजलेले पाय त्यांत कोंबले आणि फोन फरशीवर ठेवला. टक, टक. आजी खोलीभर तोऱ्यात चालली. “ऐकू येतंय? नायिका निघालीय. ही पावलं माझी, बाई. हीसुद्धा काढून घेऊन दाखव.” मुलगी “पण मॅडम” म्हणेपर्यंत आजीनं बाहेर पडून नायिकेसारखंच दार धाडकन आपटलं.