रिकामा कोपरा

“कोपरा मोकळा सोडलाय! बघ मार्जोरी, एवढं महागाचं सिलिकॉन आणि हॅलने त्यात अंगण ठेवलंय.”

रॉय लिंडक्विस्टने सूक्ष्मदर्शकावरून डोळा न काढताच टोमणा मारला. भिंगाखाली हॅल ब्रॅनिगनच्या कंपनीची नवी चिप होती. सोमवारी ती बाजारात आली आणि मंगळवारी रॉयच्या प्रयोगशाळेत आम्ल टाकून उघडली गेली. चिप कंपन्यांनी भरलेल्या सांता क्लाराच्या खोऱ्यात रीतच होती ती. दुसऱ्याची चिप विकत आणायची, वरचं कवच काढायचं आणि आत डोकावायचं. सगळेच करत, कबूल कोणीच करत नसे.

रॉय आणि हॅल एकेकाळी एकाच टेबलावर काम करायचे. मग श्रेय कोणाचं यावरून बिनसलं. आता हॉटेलात एक दिसला की दुसरा न जेवताच निघून जाई.

रॉयची स्वतःची चिप वर्षभर विकली जात होती आणि तापली की तिचे गुणाकार चुकत होते. शुक्रवारपर्यंत कारण सापडलं नाही, तर संचालक सगळ्या चिप परत मागवणार होते.

“गुणाकाराचा भाग एकदा तपासू दे की,” मार्जोरी ओकाडा म्हणाली. कंपनीच्या पहिल्या दिवसापासून ती त्याच्याबरोबर होती.

“तो मी स्वतः आखलाय. दुसरीकडे शोधा.”

“दोन महिने दुसरीकडेच शोधतोय, रॉय.”

मार्जोरीने त्याला बाजूला सारून भिंगात पाहिलं.

“कोपरा मोकळा नाहीये. काहीतरी रेखाटलंय. पण एकही तार आत येत नाही की बाहेर जात नाही. चित्र असणार.”

चिप आखणारे उरलेल्या जागेत कधी होडी, कधी मांजर काढून ठेवत. गंमत म्हणून.

“मला गाढव केलं असेल,” रॉय म्हणाला. त्याने भिंग बदललं आणि वाकून पाहिलं.

विमानातून संध्याकाळचं शहर दिसावं, तशा सोनेरी आणि हिरव्या गल्ल्या पसरल्या होत्या. त्यातली प्रत्येक गल्ली त्याच्या ओळखीची होती. तो त्याचाच गुणाकाराचा भाग होता. रेघ न् रेघ त्याची. फक्त शेवटच्या रांगेला वीज पुरवणारी पट्टी त्याने बारीक काढली होती, ती इथे दुप्पट रुंद होती. चिप तापली की त्या बारीक पट्टीतून वीज अपुरी पडत होती. आणि ती काटकोनात वळत नव्हती, तिरकी वळत होती. अख्ख्या खोऱ्यात अशी वळणं एकच माणूस काढायचा.

म्हणजे हॅलनेही त्याची चिप उघडली होती. चूक पाहिली होती. वर्तमानपत्राला एक फोन केला असता, तर रॉय संपला असता. आणि रॉयला केला असता, तर रॉयने उचलला नसता. म्हणून त्याने उत्तर तिळाहून लहान करून अशा जागी ठेवलं होतं, जिथे कवच फोडून बघणाऱ्यालाच ते दिसेल. आणि बघणाऱ्यांतही ते एकालाच ओळखू येईल.

रॉयने त्या पट्टीवरून पुन्हा एकदा भिंग फिरवलं.

“काय रे? गाढव आहे का?” मार्जोरीने विचारलं.

“आहे. हुबेहूब.”

तिने वाकून पाहिलं.

“शेवटच्या रांगेची पट्टी रुंद करा. आजच,” रॉय म्हणाला. दारापर्यंत जाऊन तो थांबला. “आणि मार्जोरी, आपल्या पुढच्या चिपमध्ये एक कोपरा मोकळा सोड.”